जिंकण्याचं पित्त

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. तिथला मेकॅनिक स्कूटर उघडली की आधी एअर फिल्टर बाहेर काढतो आणि पायरीच्या कडेवर आपटतो. फट्, फट्, फट्. धुळीचा लहानसा ढग उठतो, शेजारचा चहावाला शिवी हासडतो. मग फिल्टर उजेडाकडे धरून, एक डोळा बारीक करून तो म्हणतो, "काका, बदलावा लागतोय." इतक्या वर्षांत "चालेल अजून" असं त्याच्या तोंडून मी एकदाच ऐकलं, आणि त्या दिवशी त्याच्याकडे नवा फिल्टर शिल्लक नव्हता.

त्या घड्या घातलेल्या कागदाशी माझं जुनं नातं आहे. डिप्लोमा झाल्यावर पहिली साडेचार वर्षं मी भोसरीत फिल्टर बनवणाऱ्या एका कारखान्यात काढली. कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन शेड, कागदाला घड्या पाडणारं एक मशीन, एक ओव्हन आणि कपड्यांतून कधीच न जाणारा रेझिनचा वास. एकदा मोठ्या गिऱ्हाईक कंपनीची माणसं कारखाना बघायला येणार होती. आमच्या साहेबांना वाटलं, फिल्टरच्या इतिहासावर कुणीतरी पाच मिनिटं बोललं तर बरं दिसेल. काम माझ्या गळ्यात पडलं. त्या शोधाशोधीत मला कळलं, की मोटारीत कोरड्या कागदाचा फिल्टर रुळवण्याचं बरंचसं श्रेय अमेरिकेतल्या एका शर्यतीच्या टीमला देतात. त्याआधी इंजिनात जाणारी हवा तेलाच्या भांड्यावरून फिरवून आत घेत. आपल्याकडे जुन्या जीपला आणि ट्रॅक्टरला असायचा तसला प्रकार. पण मातीच्या ट्रॅकवर पुढे वीस-पंचवीस गाड्या धूळ उडवत असताना ते भांडं कितीसं पुरणार? इंजिनं धूळ खाऊन मरत. या टीमच्या मालकाने त्यावर कागद आणला, अशी हकिकत.

स्टॉक कारच्या शर्यतींत धावणारी ती टीम फक्त दोन हंगाम टिकली, १९५५ आणि १९५६. दोन हंगामांत तिने ५२ शर्यती जिंकल्या, दोन्ही वर्षांची अजिंक्यपदं घेतली, आणि दुसरं वर्ष संपताना मालकाने दुकान बंद केलं. पैसे होते, गाड्या उत्तम होत्या. तरी बंद केलं.

पाच मिनिटांचं भाषण मी उरकलं. पण तो मालक डोक्यातून जाईना. त्याच्याबद्दल वाचताना मला सारखे आमचे साहेब दिसत होते.

स्टॉक कार म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. शर्यतीसाठी मुद्दाम घडवलेली नव्हे, तर शोरूममधून कुणालाही विकत घेता येईल अशीच गाडी शर्यतीत उतरवायची. निदान सुरुवातीला नियम तसा होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हातभट्टीची दारू रातोरात पोचवणारी पोरं पोलिसांना चकवण्यासाठी साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिनं कसून तयार करत, आणि रविवारी शेतातल्या मातीच्या ट्रॅकवर एकमेकांशी पैजा लावत. या सगळ्या गोंधळाला बिल फ्रान्स नावाच्या उंच्यापुऱ्या माणसाने एका छत्राखाली आणलं. १९४८ साली नॅसकार ही संस्था उभी राहिली. फ्रान्स नियम करणार, फ्रान्स दंड करणार, फ्रान्स माफ करणार. दरबारच म्हणा ना.

या दरबारातलं एक घराणं म्हणजे फ्लॉक. बॉब, फॉन्टी आणि टिम हे तिघे भाऊ. थोरल्या दोघांनी दारू वाहून हात बसवलेला. बहीण एथेल, तीही गाडी हाणायची. तिचं नाव बापाने पेट्रोलच्या एका प्रकारावरून ठेवलं होतं म्हणतात. १९४९ च्या जुलैत फ्लोरिडातल्या डेटोनाच्या किनाऱ्यावर ही चारही भावंडं एकाच शर्यतीत उतरली. टिम दुसरा आला. एथेल अकरावी आली, बॉब आणि फॉन्टी तिच्या मागे राहिले. त्या रात्री त्यांच्या घरी जेवताना काय बोलणं झालं असेल, ते ऐकायला मला फार आवडलं असतं.

टिम सगळ्यांत धाकटा आणि सगळ्यांत गुणी. १९५२ चं अजिंक्यपद त्याचं. १९५३ मध्ये त्याने आणखी एक उद्योग केला. शेजारच्या सीटवर एक माकड बसवलं. खरंखुरं माकड, अंगात शिवून घेतलेला ड्रायव्हरचा पोशाख, नाव जोको फ्लोको. जोको त्याच्याबरोबर आठ शर्यती धावला आणि त्यांतली हिकरीची शर्यत ते दोघे जिंकले. मे महिन्याच्या शेवटी रॅली नावाच्या शहरातल्या ट्रॅकवर मात्र घोटाळा झाला. गाडीच्या तळाला टायर किती झिजलाय ते बघायला एक झडप असे, साखळी ओढली की उघडणारी. टिमची ती साखळी ओढण्याची सवय जोकोने पाहून ठेवली होती. त्याने पट्ट्यातून सुटका करून घेतली, साखळी ओढली, आणि खालून उडालेला खडा नेमका त्याच्या कपाळावर बसला. पिसाळलेलं माकड मानेवर घेऊन टिमला गाडी थांबवावी लागली, माकड उतरवावं लागलं, आणि शर्यत हातची गेली. जोको त्या दिवशी निवृत्त झाला. हा प्रसंग इथे सांगायची गरज नव्हती हे मला कळतं. पण टिम फ्लॉक मुळात कसा खुशालचेंडू माणूस होता, हे ठाऊक असल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९५४ साली डेटोनाची शर्यत टिमने जिंकली आणि तपासणीत कार्ब्युरेटरमध्ये काहीतरी खोट काढून ती काढून घेतली गेली. जिंकलेला बाद, दुसरा आलेला विजेता. टिम तिरमिरला. असल्या दरबारात पुन्हा पाय ठेवायचा नाही म्हणून तो सगळं सोडून अटलांटाला पेट्रोल पंप चालवू लागला.

एक वर्ष गेलं. फेब्रुवारी १९५५ मध्ये तो नुसता बघ्या म्हणून मित्रांबरोबर डेटोनाला आला. त्या काळी तिथला ट्रॅक म्हणजे अर्धा डांबरी रस्ता आणि अर्धी समुद्राची ओली वाळू. भरती यायच्या आत शर्यत उरकावी लागे. किनाऱ्यावर सराव चालू होता, आणि समोरून एक पांढरीशुभ्र, भलीथोरली क्रायस्लर ३०० गेली. अंगाने जवळपास दोन टनांची, पोटात ३०० हॉर्सपॉवरचं व्ही-एट इंजिन. त्या वर्षी अमेरिकेत शोरूममध्ये मिळणारी तेवढ्या ताकदीची दुसरी गाडी नव्हती. टिम मित्रांना म्हणाला, ही गाडी माझ्या हातात असती तर शर्यत जिंकून दाखवली असती. मागे उभ्या असलेल्या एका माणसाने ते ऐकलं. तो बोटीची इंजिनं विकणारा डीलर होता. त्याला ठाऊक होतं की ही गाडी विस्कॉन्सिनहून आलेल्या एका उद्योगपतीची आहे, आणि त्याने गाडी आणलीय पण ड्रायव्हर आणलेला नाही.

तो उद्योगपती म्हणजे कार्ल किकहेफर.

किकहेफर १९०६ साली विस्कॉन्सिनमधल्या एका शेतकरी कुटुंबात जन्मला, घराणं मूळचं जर्मन. १९३९ मध्ये त्याने सीडरबर्ग गावातला एक डबघाईला आलेला कारखाना घेतला. तिथे बोटीच्या मागे लावायच्या इंजिनांचा ढीग पडला होता. सदोष म्हणून गिऱ्हाईकाने परत पाठवलेली इंजिनं. किकहेफरने ती एकेक करून खोलली, सुधारली, आणि ज्याने परत पाठवली होती त्यालाच विकली. त्याला ती इतकी पसंत पडली की त्याने आणखी मागवली. मर्क्युरी आउटबोर्डचा जन्म असा भंगारातून झाला. पुढे युद्धाच्या काळात त्याने लष्कराला झाडं तोडायच्या यांत्रिक करवती पुरवल्या, आणि पन्नाशी गाठता गाठता तो मोठा कारखानदार झाला. आता त्याला हवी होती जाहिरात. मोटारीच्या शर्यतीला गर्दी जमते, त्या गर्दीत मासेमारीला जाणारे असतात, मासेमारीला बोट लागते, बोटीला इंजिन लागतं. हिशोब सरळ होता. गंमत एवढीच की फोर्ड कंपनीच्या एका मोटारीचंही नाव मर्क्युरी होतं. त्यामुळे क्रायस्लर गाडीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत मर्क्युरी लिहिलेलं पाहून नवख्या प्रेक्षकाचा गोंधळ उडत असेल.

त्या डेटोनाच्या शर्यतीत टिम दुसरा आला. फायरबॉल रॉबर्ट्स नावाचा पठ्ठ्या ब्यूक घेऊन मिनिटभराहून जास्त अंतराने पुढे निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी तपासणीत रॉबर्ट्सच्या इंजिनातले पुशरॉड, म्हणजे झडपा हलवणाऱ्या दांड्या, किंचित घासलेले निघाले. रॉबर्ट्स बाद, टिम विजेता. आदल्या वर्षी ज्या दरवाजाने त्याला हाकललं, त्याच दरवाजाने त्याला मानाने आत घेतलं. टिमने तक्रार केली नाही. मीही केली नसती.

आणि मग ते वर्ष सुरू झालं. टिमने १९५५ च्या हंगामात १८ शर्यती जिंकल्या. हा विक्रम रिचर्ड पेटीने १९६७ मध्ये २७ जिंकेपर्यंत बारा वर्षं टिकला. अनेक शर्यतींत पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत टिमच पुढे. बाकीचे दुसऱ्या नंबरासाठी भांडायचे.

याचं कारण नुसतं इंजिन नव्हतं. क्रायस्लर कुणीही विकत घेऊ शकत होतं. पण बाकीच्या टीम म्हणजे दोन भाऊ, एक मेहुणा आणि गाडी ओढायला एक ट्रक. शर्यतीची गाडी कित्येकदा रस्त्यावरूनच चालवत आणायची, तिच्यातूनच शर्यत धावायची, आणि मोडली नाही तर तिच्यातूनच घरी. किकहेफर आला तो चारी बाजूंनी बंद ट्रकमध्ये गाड्या घालून. ट्रकवर मर्क्युरीची जाहिरात. मेकॅनिक एकसारख्या पांढऱ्या गणवेशात. एका शर्यतीला एक नव्हे, तीन-तीन, चार-चार गाड्या. ट्रॅकची माती उचलून तो तपासायला धाडे, हवेचा अंदाज सांगायला माणूस ठेवी, प्रत्येक शर्यतीच्या नोंदी लिहून घेई. कुठला टायर किती फेऱ्या टिकला, कुठला गिअर रेशो कुठे चालला. आज हे वाचताना कुणी दचकणार नाही, आज प्रत्येक टीम हेच करते. पण १९५५ मध्ये मातीच्या ट्रॅकवर वही-पेन्सिल घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे लोक भुतासारखे बघत असणार.

आमच्या साहेबांची अशीच एक लाल बांधणीची वही होती. रोजचं रिजेक्शन त्यात ते स्वतःच्या हाताने लिहीत. शंभरात किती घड्या वाकड्या, किती ठिकाणी चिकटवण कमी. चहाला कोण किती वाजता गेलं, तेही त्याच वहीत. पाना कुठे ठेवायचा त्याची आकृती टेबलावर खडूने आखलेली असे, आणि पाना दोन बोटं सरकला तरी संध्याकाळी सगळ्यांना उभं करून विचारणा होई. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. अजूनही गॅरेजमध्ये नवा फिल्टर हातात आला की माझं बोट आपोआप घड्यांवरून फिरतं, आणि एखादी घडी तिरकी गेली असेल तर डोळ्यांच्या आधी बोटाला कळते. ते त्यांनीच शिकवलं.

किकहेफरची शिस्त हॉटेलपर्यंत जाई. शर्यतीच्या आदल्या रात्री नवरा-बायकोंनी वेगवेगळ्या खोल्यांत झोपायचं, म्हणजे ड्रायव्हरची शक्ती वाया जात नाही, असा त्याचा ब्रह्मचर्याचा सिद्धांत. आपल्या तालमीतल्या वस्तादांना तो मनापासून पटला असता. ठरल्या वेळी दिवे बंद. आणि मालक स्वतः जागा. हरलं तर तो भडकायचाच, पण जिंकल्यावरही शांत नसायचा. तीन गाड्यांतली एकच पहिली का आली, बाकीच्या दोन मागे का राहिल्या, याचा जाब द्यावा लागायचा.

एका गोष्टीकडे मात्र त्या काळच्या दक्षिणेतल्या लोकांनी बोट दाखवल्याशिवाय सोडलं नसेल. या टीमला डार्लिंग्टनची ५०० मैलांची शर्यत कधीच जिंकता आली नाही. तेव्हा स्टॉक कारची सर्वांत मोठी शर्यत तीच, सप्टेंबरात लेबर डेला, म्हणजे तिथल्या कामगार दिनाला होणारी. १९५५ मध्ये ती हर्ब थॉमसने हलक्या शेव्हरलेमधून नेली. डांबरी ट्रॅकवर क्रायस्लरचं वजन टायर खाऊन टाकायचं, शेव्हरलेचे टायर टिकले. १९५६ मध्ये कर्टिस टर्नर फोर्डमधून जिंकला. सगळ्या गावांच्या जत्रा मारल्या, पण मोठ्या जत्रेतला फेटा काही मिळाला नाही.

हा हर्ब थॉमस लक्षात ठेवा. उत्तर कॅरोलिनातला शेतकरी, दोन अजिंक्यपदं नावावर असलेला पहिला ड्रायव्हर.

१९५६ उजाडलं तेव्हा किकहेफरने टीम आणखी वाढवली. टिम होताच. बक बेकर आला, जो एके काळी प्रवासी बस चालवायचा. (एसटीचा ड्रायव्हर घाटात मोकळा सुटला तर काय करेल, याची कल्पना असलेल्यांना बेकरबद्दल जास्त सांगायला नको.) स्पीडी थॉम्पसन आला. काही काळाने हर्ब थॉमसही आला. फेब्रुवारीत डेटोना पुन्हा टिमने जिंकली. वसंतात टीमने जिंकायला सुरुवात केली आणि थांबेचना. लागोपाठ सोळा शर्यती. सोळा! आजतागायत एका मालकाच्या गाड्यांनी अशी ओळ लावलेली नाही.

त्या सोळांच्या ऐन भरात, ८ एप्रिलला, टिम फ्लॉकने नॉर्थ विल्क्सबोरोची शर्यत जिंकली आणि टीम सोडली.

कारण काय, तर पोट. त्याला अल्सर झाला होता. जगातली सर्वांत चांगली गाडी, गतवर्षीचं अजिंक्यपद, समोर दुसरं अजिंक्यपद, आणि हा गडी जिंकलेल्या गाडीतून उतरून घरी गेला. ज्याने माकड शेजारी बसवून शर्यती केल्या, त्याच्या पोटात चौदा महिन्यांत भोक पडलं.

हे वाचलं तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात गुलाबी औषधाची बाटली होती. तिसरी असेल किंवा चौथी. पित्त तर आमच्या घरी सगळ्यांनाच, पण हे वेगळं होतं. रविवारी संध्याकाळी पाच वाजले की छातीत जळायला लागायचं, सोमवारच्या वहीच्या आठवणीने. आईने कोकम दिलं, आवळा दिला, रिकाम्या पोटी चहा बंद केला. डॉक्टरांनी कॅमेरा घालून बघितलं आणि विचारलं, "काम काय करता?" मी म्हणालो, फिल्टर बनवतो. ते हसले. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला घरी आल्यावर कळलं.

त्याच वर्षी आमच्या कारखान्याला गिऱ्हाईकाकडून दर्जाचं बक्षीस मिळालं. हॉटेलात कार्यक्रम, शाल, नारळ, काचेची ट्रॉफी. साहेबांनी ट्रॉफी हातात घेतली, फोटो काढला, आणि गाडीत बसल्यावर मला विचारलं, "दुसरा नंबर कोणाचा होता? त्यांचं रिजेक्शन किती?" मी महिनाभराने राजीनामा दिला. सगळे म्हणाले, वेडा आहेस, आत्ता तर कुठे नाव झालं. मी टिम फ्लॉकचं नाव घेतलं नाही, कोण म्हणून विचारलं असतं तर सांगणार काय? पण राजीनाम्याचा कागद टाइप करताना तो मला दिसत होता एवढं खरं. काही दिवस मला आपण पळपुटे आहोत असंही वाटायचं. आता वाटत नाही. पण वाटत नाही हे पित्त गेलं म्हणून की वय झालं म्हणून, ते सांगता येत नाही.

टिम गेल्याने किकहेफरचं काही अडलं नाही. बेकर जिंकतच राहिला, त्या हंगामात त्याचे १४ विजय झाले. अडलं ते दुसरीकडेच. प्रेक्षक हुर्यो उडवू लागले. एकच मालक रोज जिंकणार असेल तर तिकीट काढून बघायचं काय? त्यातून हा उत्तरेकडचा, पैसेवाला, तोंडात सिगार. पांढऱ्या गाड्या ट्रॅकवर आल्या की स्टँडमधून आरडाओरडा सुरू व्हायचा, कधी बाटल्या यायच्या. ज्या गर्दीला बोटीची इंजिनं विकायची, तीच गर्दी गाडीवरचं नाव वाचून बाटली भिरकावत होती. बिल फ्रान्सचीही पंचाईत. शर्यत झाली की किकहेफरची गाडी तपासणीला, इंजिन खोला, मोजा. वारंवार खोललं आणि नियमाबाहेरचं काही सापडलं नाही. मला इथे किकहेफरची बाजू घ्यावीशी वाटते. चोरी करून जिंकणाऱ्याला लोक हसत हसत माफ करत होते, कारण ती चोरी त्यांच्यातलीच होती. हा नियमाने जिंकत होता म्हणून जास्त नावडता झाला.

मध्येच हर्ब थॉमसही टीम सोडून गेला. स्वतंत्रपणे धावू लागला आणि हंगाम संपत आला तेव्हा गुणांच्या यादीत बेकरच्याही पुढे निघाला. म्हणजे किकहेफरला सोडून गेलेला माणूसच किकहेफरचं अजिंक्यपद नेणार. तेव्हा किकहेफरने एक शर्यत वाढवली. उत्तर कॅरोलिनातल्या शेल्बी गावी जत्रेच्या मैदानातला अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक भाड्याने घेतला आणि बेकरला गुण कमवायला एक जादा संधी तयार केली, असं सांगतात. आपली ताकद लावून वेळापत्रकच वाढवायचं! शाळेत एखाद्याचा पोरगा नापास होणार म्हणून परीक्षाच आणखी एक घ्यायला लावण्यातला प्रकार.

२३ ऑक्टोबर १९५६. बेकर पुढे. मागे थॉमस आणि स्पीडी थॉम्पसन जागेसाठी झुंजत होते. थॉम्पसनची गाडी थॉमसच्या मागच्या बाजूला लागली, थॉमसची शेव्हरले कठड्यावर आदळली, आणि मागून येणाऱ्या गाड्या एकामागून एक तिच्यावर. थॉमसच्या कवटीला तडा गेला, तो बेशुद्धीत गेला. जगला, पण पूर्वीचा ड्रायव्हर पुन्हा झाला नाही. पुढे मोजक्या शर्यती धावला आणि थांबला. शेल्बीची ती शर्यत बेकरने जिंकली. अजिंक्यपदही बेकरचं.

थॉम्पसनने मुद्दाम धडक दिली असं कुणी सिद्ध केलं नाही. ड्रायव्हर असे रोजच एकमेकांना घासत. पण धडक देणारी गाडी किकहेफरची, शर्यत किकहेफरने वाढवलेली, फायदा किकहेफरचा. स्टँडमधल्या माणसाला यापुढे पुरावा कशाला लागतो? मी स्वतः या प्रसंगावर बरेचदा विचार केलाय आणि माझं मत दर वेळी थोडं बदलतं. धडक त्याने घडवली असं मला वाटत नाही. पण ती शर्यतच व्हायला नको होती, आणि ती झाली ती त्याला दुसरा नंबर सहन होत नव्हता म्हणून. गाडीत बसून "दुसरा नंबर कोणाचा" विचारणारा माणूस मला ओळखीचा आहे.

हंगाम संपला आणि किकहेफरने स्टॉक कारमधून अंग काढून घेतलं. मागे वळून बघितलं नाही. पुढच्या वर्षी बेकर शेव्हरलेमधून धावला आणि पुन्हा अजिंक्य झाला, लागोपाठ दोन अजिंक्यपदं घेणारा पहिला. म्हणजे सगळं यश मालकाच्या वहीचं नव्हतं. हे कळल्यावर मला झालेला आनंद फारसा उदात्त नव्हता.

टिम फ्लॉकची गोष्टही इथे पुरी करतो. १९६१ मध्ये ड्रायव्हरांची संघटना बांधायच्या खटपटीत तो कर्टिस टर्नरबरोबर पुढे होता. बिल फ्रान्सने दोघांवर तहहयात बंदी घातली. ती काही वर्षांनी उठली, पण तोवर टिमचे धावायचे दिवस सरले होते. पुढे शार्लटच्या रेसट्रॅकवर त्याने बरीच वर्षं नोकरी केली. १९९८ मध्ये गेला. नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये २०१३ साली बेकर आणि थॉमस एकाच वर्गात बसले, टिम त्याच्या पुढच्या वर्षी.

किकहेफर १९८३ पर्यंत जगला. स्टॉक कार सोडली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, त्याने फ्लोरिडात आडवाटेला एक तळं घेतलं. चारी बाजूंना दलदल आणि झाडी, आत कुणाला प्रवेश नाही. नकाशावरचं नाव वापरायचं नाही म्हणून त्याला नुसतं लेक एक्स म्हणायचे. तिथे त्याने दोन बोटी पाण्यात सोडल्या, मागे सहा सिलिंडरची, ६० हॉर्सपॉवरची नवी इंजिनं. बोटी तळ्यात गोल फिरू लागल्या. दिवसा, रात्री, पावसात. पेट्रोलही चालत्या बोटीतच भरायचं, ड्रायव्हर पाळीपाळीने बदलायचे, इंजिन बंद करायचं नाही. ताशी तीसएक मैल. ६८ दिवसांत ५०,००० मैल झाले, म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा. पहिलं कोण, दुसरं कोण, असा प्रश्न तिथे नव्हता, दोन्ही बोटी त्याच्याच. काठावर पहारेकरी होते, आणि मोजून नोंदी लिहिणारी माणसं होती. प्रेक्षक नव्हते.